निरोगी गटातली माझी बहीण

काळजी करणं हे आमच्या घरात माझ्याकडे सोपवलेलं खातं आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येते. आई तेलीबागच्या बाजारात भाजीला गेली आणि तासाभरात आली नाही, तर मी फोन लावते. तिने उचलला नाही, तर पायात चपला घालते. धाकटी बहीण यावरून माझी टर उडवते. "ताई है ना टेन्शन लेने के लिए," असं म्हणून ती रजई डोक्यावरून ओढून घेते. घरातलं एक माणूस सगळ्यांच्या वाटची काळजी करत असलं, की बाकीचे निवांत राहतात. मला त्याचा राग यायचा, आणि थोडा अभिमानही वाटायचा, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, बदली होऊन लखनौला आले आणि इथेच राहिले. घरात आईबाबा नागपूरची मराठी बोलतात, मी त्यांना मराठीत उत्तर देते आणि धाकटी हिंदीत. ती हजरतगंजमधल्या एका ऑफिसात नोकरी करते, रोज स्कूटीवरून जाते-येते. मी याच शहरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. कुठल्या, ते सांगायची गरज नाही.

आमच्या प्रयोगशाळेचा विषय म्हणजे ल्युपस नावाचा आजार. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच शरीरावर उलटतात; कधी सांधे धरतात, कधी त्वचा, कधी मूत्रपिंड. बहुतेक वेळा तो तरुण बायकांना होतो. का होतो, याचं थोडंफार उत्तर जन्मतःच मिळालेल्या जनुकांत असतं, आणि तेवढंच थोडंफार आम्ही शोधत बसतो. एकाच जनुकाचे अनेक प्रकार असतात. त्यातला एक प्रकार ल्युपसच्या रुग्णांत जास्त सापडतो. जास्त म्हणजे सगळ्यांत नव्हे. निरोगी माणसांतही तो असतो. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना संमतीपत्र समजावताना मी हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय, की ते आता तोंडातून आपोआप येतं: "जीन है तो बीमारी होगी ही, ऐसा नहीं है। और जीन नहीं है तो नहीं होगी, ऐसा भी नहीं है।" बायका मान हलवतात आणि विचारतात, "तो मैडम, फिर फ़ायदा क्या?" मी संमतीपत्र पुढे सरकवते.

रुग्णांचं रक्त मिळायला अडचण नसते. अडचण असते ती निरोगी माणसांची. तुलनेसाठी रुग्णांच्याच वयाच्या निरोगी बायका लागतात, त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. आता कुठली धडधाकट तरुण मुलगी उगीचच सुई टोचून घ्यायला येईल? म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षांची एक रीत आहे. जो प्रयोगशाळेत नवीन येईल त्याने पहिल्या आठवड्यात आपलं रक्त द्यायचं, मग मैत्रिणी आणायच्या, मग बहिणी, वहिन्या, हॉस्टेलच्या रूममेट. रक्त दिलं की समोसा आणि चहा मिळतो. आमच्या फ्रीजमधले निम्मे निरोगी लोक हे असे समोशावर आलेले आहेत.

या रीतीबरोबर मॅडमचा एक कडक नियम होता. मॅडम म्हणजे माझ्या गाईड. नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर; आणि ज्याने आपल्या घरचं माणूस आणलं, त्याने त्या नंबरला हात लावायचा नाही. तो दुसऱ्याने तपासायचा. "अपने घर का सैंपल अपनी आँख से नहीं देखते," त्या म्हणायच्या. मला तेव्हा हा नियम फक्त कामातल्या शिस्तीचा वाटायचा.

माझ्या स्वतःच्या रक्ताबाबत तो मी पहिल्या वर्षीच मोडला होता. माझी तपासणी सीनियरने केली होती, पण माझा नंबर मला ठाऊक होता आणि निकालांचा तक्ता सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर होता. मी बघितलं. आम्ही ज्याच्या मागे आहोत तोच प्रकार माझ्यात होता. पंधरा दिवस मी आरशात गालांवर या रोगाचा लाल चट्टा शोधत होते, सकाळी बोटं आखडतात का, ते मिटून उघडून बघत होते. काही झालं नाही. अजूनही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. पण त्या पंधरा दिवसांत आईच्या धाकट्या बहिणीची आठवण डोक्यातून जाईना. ही मावशी मी पाहिलेली नाही. ती नागपुरात तिशीच्या आत गेली. सांधे दुखायचे, सारखं तोंड यायचं, शेवटी किडन्या गेल्या. कुठल्याच डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं नव्हतं. ते मला पाठ्यपुस्तक वाचताना कळलं, आणि मी ते आईला सांगितलं नाही. आमच्या फॉर्मवर आई, वडील आणि भावंडांचे रकाने होते, मावशीचा नव्हता.

हे सगळं सुरू झालं जानेवारीत. इथे जानेवारीत धुकं असं पडतं, की समोरच्या घराचं गेट दिसत नाही आणि नळाचं पाणी हाताला चावतं. धाकटी सकाळी आपला डबा घासत होती. तिने मला हाक मारली. "ताई, देख ना, मेरी उँगलियाँ मर गईं." ती हसत होती. दोन्ही हातांची मधली बोटं पेरापर्यंत पांढरीफटक पडली होती. मी बघत असतानाच ती निळसर झाली, मग थोड्या वेळाने लाल.

थंडीत बोटं अशी पांढरी पडणं हे पुष्कळ मुलींत असतं आणि त्यात काही वावगं नसतं. पण ल्युपस सुरू होतो तेव्हाही बोटं अशीच पांढरी पडतात. मला दोन्ही माहीत होतं.  मी तिला विचारलं, "आणखी काही होतं का?" तर ती म्हणाली, हो, सकाळी बोटं थोडी आखडतात, पण दिवसभर टाइपिंग असतं ना. मला मावशीचे सांधे आठवले.

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. एक साधी रक्ताची आणि एक लघवीची तपासणी. रक्ताची ती तपासणी आमच्याच इमारतीत, एक जिना खाली होते. पण त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर नाव लागतं, वय लागतं, आणि खिडकीतला माणूस ते नाव मोठ्याने पुकारतो. माझ्या बहिणीचं नाव त्या खिडकीतून ऐकायची माझी छाती होत नव्हती. जनुकाची तपासणी मात्र मी कुणाला न विचारता, माझ्या दोन हातांनी करू शकत होते. मला जे करता येत होतं ते मी केलं, आणि जे करायला हवं होतं ते बाजूला ठेवलं.

मी तिला सांगितलं, की कंट्रोल कमी पडतायत. हे खोटं नव्हतं, ते कायमच कमी पडतात.

"क्यों, सारी भाभियाँ ख़त्म हो गईं?" तिने विचारलं. पण आली. तिच्या ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी, निळा स्वेटर घालून आली, सगळ्यांशी गप्पा मारल्या. मीच तिच्या दंडाला पट्टा बांधला. सुई टोचताना तिने तोंड फिरवलं आणि कॅलेंडरकडे बघत राहिली. मग दोन समोसे खाल्ले आणि सही केली. फॉर्मवर लिहिलं होतं, की मला कोणताही आजार नाही. मी पेन तिच्या हातात दिलं होतं.

पुढचा दुसरा शनिवार आला; त्या दिवशी प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी असते. त्या दुपारी मी तिचा नमुना काढला. डीएनए वेगळा केला, मशीनमध्ये लावला. मशीनचे दोन तास मी भिंतीला टेकून उभी होते. बसवत नव्हतं. मला आठवतंय, मी त्या दोन तासांत देवाचं नाव घेत नव्हते, आमच्या घरात ती सवय नाही. मी मनातल्या मनात फक्त "तिच्यात नको, तिच्यात नको" असं म्हणत होते. मग जेलवर नमुना चालवला आणि दिव्याखाली धरला.

तपासणी नीट झाली हे दाखवणारी वरची रेघ स्पष्ट दिसत होती. खालची, जिची मला भीती होती, ती नव्हती. मी परत केलं, परत नव्हती. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा केलं. तिच्यात तो प्रकार नव्हताच.

इतका आनंद मला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हाही झाला नव्हता. घरी जाताना मी चाटवाल्याकडून चौघांसाठी मटरची टिकिया बांधून घेतली. आईने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, सहज. धाकटीने माझ्या वाटची चटणीही संपवली आणि मी तिला काही बोलले नाही.

इथे मला स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. रोज बाकावरच्या बायकांना जे वाक्य मी ऐकवत होते, त्याचा दुसरा अर्धा भाग माझ्यासाठीही होता. आणि पुरावा लांब कुठे शोधायचा नव्हता. माझ्यात तो प्रकार होता आणि मी धडधाकट होते. मग ज्याच्यात तो नाही तो आजारी पडू शकतो, हे कळायला किती अक्कल लागते? पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी मला काळजीतून सुट्टी मिळाली होती आणि ती मला सोडवत नव्हती.

पुढचे महिने मी तिच्या प्रत्येक तक्रारीला काहीतरी साधं कारण देत राहिले. चौदा एप्रिलला आम्ही सगळे मिरवणुकीला गेलो. धाकटी दुपारभर उन्हात होती, विहारापाशी सरबत वाटत होती. संध्याकाळी घरी आलो तर तिचे दोन्ही गाल आणि नाकाचा वरचा भाग लाल झाला होता.

आई म्हणाली, "हिचं तोंड पाह्य जरा. कसं लाल होऊन राहिलं."

"ऊन लागलंय," मी म्हटलं. "स्कूटीवर ओढणी बांधत नाही ती."

"सबका लाल हुआ है," धाकटी म्हणाली. आणि खरंच, त्या दिवशी बाबांचंही नाक लाल होतं.

मे महिन्यात तिचे केस गळायला लागले, बाथरूमच्या जाळीत पुंजके अडकायचे. मी म्हटलं, हिमोग्लोबिन कमी असेल, आणि लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. ती ऑफिसातून आली की न जेवता झोपायची. मी म्हटलं, उन्हाळा आहे. आई माझ्याकडे बघायची. तिला माहीत होतं, की एरवी मी शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी बाई. एकदा तिने विचारलंही, "तू काहीच काऊन म्हणून नाही राहिली?" मी म्हटलं, "आई, माझं कामच ते आहे. असतं काही तर मला कळलं असतं." आईने पुन्हा विचारलं नाही. शिकलेल्या मुलीपुढे ती नेहमीच माघार घेते.

जुलैत एका सकाळी धाकटीला सँडलचा पट्टा लागेना. ती पलंगावर बसून ओढत होती, तिच्या घोट्यावर बोटाचा खड्डा पडला आणि तसाच राहिला. आई दारात उभी होती. तिच्या हातातली कणीक तशीच हाताला होती.

"माह्या बहिणीचे पाय असेच सुजले होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली.

मग मात्र मी चिठ्ठीही बघितली नाही आणि खिडकीही बघितली नाही. तिला रिक्षात घातलं आणि नेलं. लघवीत प्रोटीन जात होतं, भरपूर. रक्ताच्या त्या साध्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी आला, आणि त्यात शंकेला जागाच नव्हती. तीन दिवसांनी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर तरुण होते, मला ओळखत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की ल्युपस किडनीपर्यंत पोचलाय, उपचार होतील, इंजेक्शनं महिन्याला एक, गोळ्या बहुतेक कायमच्या. बोलता बोलता ते म्हणाले, "तीन-चार महीने पहले आ जातीं तो शायद बात किडनी तक न पहुँचती." ते मला दोष देत नव्हते. घरच्यांना असं ते रोजच म्हणत असतील. मी मान हलवली आणि फाईल छातीशी धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. सांगणं भागच होतं, कारण ल्युपसची एक रुग्ण आमच्या निरोगी गटात बसलेली होती, आणि ती माझी बहीण होती. आधी मी तेवढंच सांगितलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उसका सैंपल तुमने देखा था?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता माझं काम गेलं. मग त्या म्हणाल्या, "सैंपल तो मैं निकाल दूँगी। डेटा का जो करना है, वह भी देख लूँगी। बहन को कौन बताएगा?"

मला हे सांगायचं नव्हतं. मी दोन दिवस टाळलं. ती वॉर्डात होती, खिडकीजवळच्या पलंगावर, चेहरा सुजलेला, आणि तरीही शेजारच्या पलंगावरच्या काकूंना फोनवर मालिका लावून देत होती. तिला मी तिथे बघत होते आणि मला सारखं वाटत होतं, की मी न बोलता निघून गेले तर हिला कधीच कळणार नाही. तिला कळणार नाही हेच मला सगळ्यात जास्त सोयीचं होतं, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई घरी जेवायला गेली होती. मी धाकटीसाठी संत्रं सोलत बसले होते. सोलता सोलताच सांगितलं. कंट्रोल कमी होते म्हणून नाही, मला भीती वाटली म्हणून तुझं रक्त घेतलं. तुला न सांगता तपासलं. त्यात तो जीन निघाला नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढे काही बघितलंच नाही. तुझे गाल, तुझे केस, सगळं मला दिसत होतं. मी तुला जानेवारीतच आणायला हवं होतं.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत राहिली.

"मुझे लगता था," ती म्हणाली, "बीच में बहुत डर लगता था, ताई. अप्रैल में मैंने नेट पर भी पढ़ा था. यही बीमारी लिखी थी." ती थांबली. "फिर मैं तेरा चेहरा देखती थी. तू तो हर बात पे घबराती है. तू नहीं घबरा रही थी, तो मैंने सोचा, कुछ नहीं होगा. इसलिए बोली नहीं."

 तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा ले." मी खाल्ली.

याला आता वर्ष होत आलं. इंजेक्शनं संपली, गोळ्या चालू आहेत. किडनीचं काम थोडं कमी झालंय, पण थांबलेलं नाही. ती ऑफिसला जाते, स्कूटीवर आता पूर्ण बाह्या आणि ओढणी असते. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते, टरही उडवते. मॅडमनी मला कामावर ठेवलं. मी पुन्हा गॅस बघायला जिन्यावरून परत येते.

फक्त दर महिन्याला तिचा रिपोर्ट येतो तो आता तिच्या फोनवर येतो. आधी तो मी उघडायचे; त्याचा पासवर्ड तिने बदललाय. ती एकटी गॅलरीत जाऊन वाचते, एकेक आकडा बघून. मी आत बसून असते, माझा जीव टांगणीला लागलेला असतो. मग ती येते, फोन माझ्यापुढे ठेवते आणि मी वाचत असताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघून जाते. माझ्या चेहऱ्याकडे ती बघत नाही.